रत्नागिरीतले पुरुष कुठे गेले?

लिंगगुणोत्तराचा धडा शिकवताना आपण प्रथम व्याख्या सांगतो : दर हजार पुरुषांमागे असलेली स्त्रियांची संख्या. मग तक्ता येतो. त्यात केरळ सर्वांत वर असते, हरियाणा सर्वांत खाली. आणि शेवटी एक वाक्य जवळजवळ आपोआप तोंडात येते, की गुणोत्तर जितके जास्त तितके त्या समाजात स्त्रीचे स्थान चांगले.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वर्गात हे वाक्य उच्चारले की अडचण होते. २०११ च्या जनगणनेनुसार केरळचे गुणोत्तर १,०८४ आहे, महाराष्ट्राचे ९२९. आणि रत्नागिरी जिल्ह्याचे? १,१२२. राज्यात पहिला क्रमांक, केरळच्याही पुढे. एखाद्या चौकस मुलीने हात वर करून विचारले, की मग आपल्या जिल्ह्यात बायकांचे इतके बरे चालले आहे का, तर काय उत्तर द्यायचे? तिची आई डोक्यावरून गवताचा भारा आणते, आजी एकटीच घर सांभाळते, आणि बाबा गणपतीला आणि शिमग्याला येतात.

या एका प्रश्नाच्या मागे नीट गेले, तर विद्यापीठात मानवी भूगोल आणि प्रादेशिक विकास या विषयांचे संशोधक काय करतात ते बरेचसे समजते. त्यांचे काम आकडे गोळा करण्याचे आहे असा समज असतो. तो चूक नाही, पण अपुरा आहे. आकडा कशातून घडला हे शोधणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे, आणि त्यासाठी कधी जुना इतिहास चाळावा लागतो, कधी वाडीतल्या कुलूप लावलेल्या घरासमोर उभे राहावे लागते.

पहिली पायरी सोपी आहे. गुणोत्तराचे वयानुसार तुकडे करायचे. मुलगी जन्माला येऊ दिली जाते का आणि ती जगते का, हे पाहायचे असेल तर मोठ्या माणसांना बाजूला ठेवून शून्य ते सहा या वयोगटाकडे पाहावे. रत्नागिरीत २०११ साली या वयात दर हजार मुलग्यांमागे ९३६ मुली होत्या. २००१ साली ९५२ होत्या. निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात. साधारणपणे १०० मुलींमागे १०५ मुलगे, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. तेव्हा रत्नागिरीतले बालकांचे गुणोत्तर राज्याच्या ८९४ पेक्षा चांगले आहे, पण त्यात मुलींचा सुकाळ मुळीच नाही, आणि दहा वर्षांत ते खाली आले आहे. लहानपणी ९३६ आणि सगळे मिळून १,१२२. याचा अर्थ जास्तीच्या बायका कुठून आलेल्या नाहीत. पुरुष गेलेले आहेत.

किती? २०११ साली जिल्ह्यात ८,५३,९४८ स्त्रिया आणि ७,६१,१२१ पुरुष होते. फरक ९२,८२७. बायकाही काही प्रमाणात बाहेर गेलेल्या असल्यामुळे, आणि त्या पुरुषांपेक्षा जास्त जगत असल्यामुळे, गेलेल्या पुरुषांची ही नेमकी मोजणी नव्हे. पण प्रमाणाचा अंदाज येतो. या माणसांचा दुसरा निम्मा पुरावा मुंबईच्या तक्त्यात सापडतो. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याचे गुणोत्तर ८३२ आणि उपनगर जिल्ह्याचे ८६० होते. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून मुलांना दाखवून पाहा.

आता 'का गेले?' हा प्रश्न. याचे एक तयार उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकी सवयीत बसलेले असते : जमीन जांभ्या खडकाची, सडे उघडे, डोंगर उताराचे, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पण सगळा वाहून जाणारा, म्हणून शेती कमी, म्हणून गरिबी, म्हणून मुंबई. निसर्गच माणसाचे भवितव्य ठरवतो असे मानणारी ही विचारसरणी भूगोलात एके काळी फार जोरात होती. तिच्यात तथ्य आहे, पण ती एका साध्या प्रश्नापाशी अडते. जांभा तर हजारो वर्षांपासून तिथेच आहे. मग माणसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच एवढ्या संख्येने का निघाली?

कारण तेव्हा काही गोष्टी एकत्र आल्या. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभारायला घेतली आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांना हजारो हात लागू लागले. किनाऱ्याने आगबोटी सुरू झाल्या, त्यामुळे घाट चढण्यापेक्षा मुंबईला पोहोचणे सोपे झाले. आणि गावात खोती होती. खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला. कसणाऱ्याच्या हातात पिकाचा किती वाटा उरायचा हे त्याच्यावर अवलंबून असे. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते. कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. म्हणजे माणसे निघाली ती खडकामुळे आणि खोतामुळे, आणि जाऊ शकली ती गिरणीमुळे आणि बोटीमुळे. निसर्ग मर्यादा घालतो. त्या मर्यादेच्या आत काय घडेल हे जमिनीचे हक्क, मजुरी आणि वाहतूक यांवर ठरते. आजचा मानवी भूगोल साधारण असा विचार करतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत राहणाऱ्या दर पाच माणसांतला जवळपास एक तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. (तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला; तो १९८१ साली वेगळा झाला. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवताना हे विसरले की मोठी फसगत होते.)

स्थलांतराचे नियम मांडण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १८८५ सालचा आहे. जर्मनीत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये काम करणारे भूगोलज्ञ रॅव्हेनस्टाईन यांनी ब्रिटनच्या जनगणनेचे तक्ते तपासून सांगितले, की बहुतेक माणसे जवळच्या जवळ सरकतात. प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. आणि कमी अंतराच्या स्थलांतरात पुरुषांपेक्षा स्त्रियाच जास्त असतात. शेवटचा नियम ऐकून आपल्याला आश्चर्य वाटते, पण लग्न होऊन शेजारच्या गावी गेलेली प्रत्येक मुलगी जनगणनेच्या दृष्टीने स्थलांतरितच असते. भारताच्या तक्त्यांत म्हणूनच स्थलांतरित स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच मोठी दिसते. रत्नागिरीत हे दोन्ही प्रवाह आहेत : राजापूरहून लांज्याला लग्न होऊन जाणारी मुलगी, आणि तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईला जाणारा तिचा भाऊ. उलटा प्रवाहही आहे. तो गाडीच्या टपावरच्या सामानातून, मनीऑर्डरीतून आणि म्हातारपणी परत आलेल्या गिरणी कामगारांतून दिसत असे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक गिरण्या पूर्वपदावर आल्याच नाहीत, तेव्हा हा उलटा प्रवाह काही काळ जोराने वाहिला. पण मुंबईची वाट बंद झाली नाही. ती फक्त परळ-लालबागऐवजी नालासोपारा, विरार, डोंबिवलीकडे वळली.

इथपर्यंतची गोष्ट कोकणातल्या कोणालाही नवी नाही. नवी गोष्ट २००१ आणि २०११ च्या आकड्यांत लपलेली आहे.

२००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. म्हणजे दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी, सुमारे ४.८ टक्के घट. त्या दशकात महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली : मुंबई शहर, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी. त्याच काळात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. रत्नागिरीचे लिंगगुणोत्तर १,१३६ वरून १,१२२ वर आले. नुसते गुणोत्तर पाहणारा म्हणेल, सुधारणा झाली; पुरुष परत येऊ लागले, आकडा हजाराकडे सरकतो आहे. आता अंश आणि छेद वेगवेगळे पाहू. पुरुष ७,९४,४९८ वरून ७,६१,१२१ झाले, म्हणजे ३३,३७७ कमी. स्त्रिया ९,०२,२७९ वरून ८,५३,९४८ झाल्या, म्हणजे ४८,३३१ कमी. पुरुष परत आलेले नाहीत. आणखी कमी झाले आहेत. स्त्रिया त्याहून जास्त कमी झाल्या आहेत.

याचे एक स्पष्टीकरण लगेच सुचते, की आता एकटा पुरुष न जाता बायको-मुलांसह कुटुंबच जाते. पण संशोधन करणाऱ्याने इथे थांबायचे नसते. जन्मदर घटला तरी लोकसंख्या कमी होते. जुन्या पिढीत गावात राहिलेल्या स्त्रियांची संख्या मोठी होती. ती पिढी वृद्ध होऊन संपत आली, तरी स्त्रियांचा आकडा घसरेल. आणि लहान मुलांचे गुणोत्तर खाली आले त्याचाही थोडा वाटा असेल. या तीन-चार कारणांपैकी कोणते किती, हे वयोगटांचे तक्ते उलगडून आणि प्रत्यक्ष गावात जाऊनच ठरवावे लागते. भूगोलाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एक-दोन तालुके निवडून, गावांचा नमुना काढून, प्रश्नावली घेऊन उन्हातान्हात का हिंडवतात, त्याचे कारण हे आहे.

गावात पोहोचल्यावर पहिलीच अडचण येते ती 'कुटुंब' या शब्दाची. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात, एका चुलीवर जेवणारी माणसे. सुटसुटीत व्याख्या. आता संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीतले घर घ्या. आई-वडील गावी. मुलगा, सून, दोन नातवंडे नालासोपाऱ्याला. रेशनकार्ड कधी इकडे, कधी तिकडे. मतदार यादीत नाव गावात. आंब्याची कलमे सामाईक. गणपती गावच्या घरात, आणि त्याचा खर्च मुंबईच्या पगारातून. तांदूळ गावाहून जातो, औषधाचे पैसे तिकडून येतात. चुली दोन, पण कुटुंब एकच आहे असे त्यांना स्वतःला वाटते. जनगणना त्यांची दोन कुटुंबे करते, दोन वेगळ्या जिल्ह्यांत. हे चूक आहे असे नाही. मोजायचे तर कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. पण त्या रेघेमुळे गावातले कुटुंब 'दोन वृद्ध, उत्पन्न जवळपास नाही' असे नोंदले जाते आणि शहरातले कुटुंब 'भाड्याच्या खोलीत चार माणसे' असे. दोघांना जोडणारा पैसा, धान्य आणि जबाबदारी कोणत्याच रकान्यात बसत नाही.

तारखेचेही असेच. २०११ च्या जनगणनेची संदर्भ वेळ १ मार्चच्या मध्यरात्रीची होती. त्या वर्षी होळी १९ मार्चला होती. चाकरमानी पालखीसाठी गावात पोहोचले तेव्हा प्रगणकाच्या वह्या नुकत्याच मिटल्या होत्या. तुमच्यापैकी अनेकांनी प्रगणक म्हणून हे काम केले आहे, तेव्हा कुलूप असलेल्या घरांपुढे काय लिहावे लागते ते मी सांगायला नको.

आता विकासाकडे वळू. कारण स्थलांतराचा अभ्यास हा नुसता कुतूहलाचा विषय नाही. पैसा कुठे जाईल हे त्यावर ठरते.

महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोल मोजण्याचा मोठा प्रयत्न प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केला. तिचा अहवाल १९८४ साली आला. पद्धत समजायला सोपी होती : रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट म्हणजे त्याचा 'अनुशेष'. हा शब्द त्यानंतर राजकारणात इतका रुळला की त्याच्यामागे एक भागाकार आहे हे आपण विसरून गेलो. सरासरी म्हटली की भागाकार आला, आणि भागाकार म्हटला की छेद आला. दरडोई मोजमापात छेदाच्या जागी माणसे असतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका तालुक्यात तीन लाख लोक आहेत आणि दवाखान्यांत मिळून ३०० खाटा आहेत. लाखाला १०० खाटा. साठ हजार लोक तालुका सोडून गेले. खाट एकही वाढली नाही, डॉक्टर एकही आला नाही. पण आता २.४ लाखांना ३०० खाटा, म्हणजे लाखाला १२५. तालुक्याची 'प्रगती' झाली. उलट मागे राहिलेल्यांत म्हातारी माणसे जास्त असल्याने माणशी दवाखान्याची गरज मात्र वाढलेली असते. आणि निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा ठरला की याच तालुक्याचा वाटा घटतो. ज्या प्रदेशातून माणसे जात आहेत तो दरडोई आकड्यांत सुधारलेला दिसू शकतो, ही गोष्ट प्रादेशिक विकास शिकणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी पक्की करून घ्यायला हवी असे मला वाटते. अनेक मोठी माणसेही ती विसरतात.

प्रदेशाची सीमा कुठे आखली यानेही उत्तर बदलते. शासकीय कोकण विभागात मुंबई आणि ठाणेही येतात. त्या विभागाची सरासरी मिळकत पाहून लांज्याच्या शेतकऱ्याविषयी काहीही कळत नाही. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे झाली तेव्हा विदर्भाला एक, मराठवाड्याला एक, आणि कोकण 'उर्वरित महाराष्ट्र' या तिसऱ्या मंडळात, पुण्या-नाशिकच्या पंक्तीला. (या मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.)

स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. वाढते केंद्र आजूबाजूच्या प्रदेशावर दोन तऱ्हांनी परिणाम करते. काही लाभ बाहेर पसरतात, आणि काही साधने आत ओढली जातात. बहुतेक वेळा ओढ जास्त बलवान ठरते. मुंबईचा पैसा रत्नागिरीत आला, त्यातून घरांवर कौले चढली, मुले शिकली. पण तो पैसा पाठवणारी माणसे तरुण आणि कर्ती होती, आणि शिकलेली मुलेही त्याच वाटेने गेली. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तिने येणे जितके सोपे केले तितकेच जाणेही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सिद्धान्तात नीट बसत नाही आणि म्हणून मला ती सर्वांत उद्‌बोधक वाटते. ज्या जिल्ह्यातून काम नाही म्हणून माणसे जातात, त्याच जिल्ह्यात हापूसच्या बागांत राखणीला नेपाळमधून आलेली माणसे आहेत, आणि मासेमारीच्या बोटींवरही. काम नाही असे म्हणताना आपण कोणत्या कामाविषयी बोलतो? हंगामी, अनिश्चित, आणि ज्यावर लग्न ठरत नाही अशा कामाला गावचा मुलगा काम मानत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकते असे म्हणवत नाही. बेरोजगारीचा एक आकडा लिहून हा गुंता सुटत नाही.

या सगळ्याचा तुमच्या-माझ्या रोजच्या जगाशी संबंध पटाच्या रूपाने येतो. कोकणातले गाव म्हणजे घरांचा एक पुंजका नव्हे. डोंगरउतारावर विखुरलेल्या आठ-दहा वाड्या, मध्ये पऱ्ह्ये आणि जंगल. म्हणून शाळाही वाडीवाडीला निघाल्या. कुटुंबेच जाऊ लागली की सर्वांत आधी या शाळांचा पट घसरतो. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या राज्यातल्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत सामावण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांची कल्पना पुढे आली. पटावर भागाकार केला तर या शाळा महाग दिसतात, आणि नऊ मुलांच्या शाळेत खेळायला गडी पुरत नाहीत हेही खरे. पण शिक्षण हक्काच्या नियमांतले पहिली ते पाचवीसाठीचे एक किलोमीटर हे अंतर नकाशावर मोजायचे की जुलै महिन्यात, पऱ्ह्याला पाणी असताना, सहा वर्षांच्या मुलाच्या पायांनी मोजायचे? आणि शाळा गेली की मागे राहिलेल्या दोन-तीन तरुण कुटुंबांना निघण्याचे आणखी एक कारण मिळते. पट घटला म्हणून शाळा बंद, शाळा बंद म्हणून कुटुंब गेले.

यावर तुम्ही स्वतः संशोधन करू शकता, आणि त्याला विद्यापीठात नाव घालावे लागत नाही. शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर काढा. जुन्या शाळेत ते साठ-सत्तर वर्षे मागे जाते. नावे बाजूला ठेवा; ती कोणाला दाखवायची नाहीत आणि वहीत उतरवायचीही नाहीत. फक्त वर्ष, मुलगा की मुलगी, कितव्या इयत्तेत शाळा सोडली, आणि पुढची शाळा कोणत्या गावी, एवढेच दशकवार मांडा. जनगणना दहा वर्षांतून एकदा चित्र काढते, आणि २०२१ ची तर झालीच नाही; पुढच्या मोजणीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. तुमच्या रजिस्टरात मात्र प्रत्येक जून आहे.

मांडणी करताना तीन गोष्टी सांभाळा. शाळेत कधी आलेच नाही ते मूल रजिस्टरात दिसत नाही, त्यामुळे जुन्या दशकांतल्या मुलींची संख्या जपून वाचा. दाखला नेला म्हणजे कुटुंब गेले असे नाही. मामाकडे शिकायला ठेवलेले मूलही दाखला नेते. आणि पहिली-दुसरीत दाखला नेणारी मुले व सातवीनंतर नेणारी मुले वेगळी ठेवा. सातवीनंतरचे मूल बहुधा हायस्कूलसाठी जाते. पहिलीतले मूल एकटे जात नाही. त्याच्यासोबत आई गेलेली असते, आणि १,१३६ चे १,१२२ कसे झाले याचा तुमच्या वाडीपुरता पुरावा त्या रकान्यात आहे.